ओलांडलं की मोडलं : 'उल्लंघन' आणि 'भंग'

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला एका काकूंचं फॉल-पिकोचं दुकान आहे. गाळा भाड्याचा. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या हातात नोटीस घेऊन घरी आल्या. गाळामालकानं वकिलाकरवी पाठवलेली, दोन पानी, सगळी कन्नडात. काकूंना कन्नड येतं. बाजारहाटापुरतंच नव्हे, भांडण्यापुरतंही येतं. पण वकिली कन्नड वाचणं हे वेगळंच काम. पुण्यात असलेल्या भाच्यानं नोटिशीचा फोटो मोबाईलच्या भाषांतरात घातला आणि त्यांना एका वाक्यात सांगून टाकलं, "आत्या, तू करारभंग केलास म्हणतोय तो."

"दोन रात्री डोळ्याला डोळा नाही बघ," काकू म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली, एका महिन्याचं भाडं चुकवलं नाही. मी कसला करार मोडला गा?"

नोटिशीत लिहिलं होतं, 'षरत्तुगळ उल्लंघने'. षरत्तु म्हणजे आपली शर्त. शर्तींचं उल्लंघन. 'भंग' हा शब्द दोन्ही पानांत कुठं नव्हता. भानगड होती ओट्याची. गाळ्यापुढच्या ओट्यावर माल मांडायचा नाही, असं करारात एक कलम होतं. मालकानं ओट्यावर पिवळ्या ऑइलपेंटची रेघच ओढून ठेवली होती. काकूंनी साड्या टांगायचा लोखंडी स्टँड बाहेर काढला, आणि त्या स्टँडचे दोन पाय रेघेच्या अलीकडे, दोन पलीकडे.

भाच्याला दोष तरी काय द्यायचा? कोश उघडला तर उल्लंघनाचा अर्थ भंग आणि भंगाचा अर्थ उल्लंघन. निवडणूक आली की पेपरात आचारसंहितेचा सकाळी भंग होतो आणि संध्याकाळी उल्लंघन. लिहिणारा एकच, बातमीही एकच. तरीही काकूंची झोप उडवली ती 'भंग' या शब्दानं. त्यांना सुरुवातीलाच 'उल्लंघन' म्हणून सांगितलं असतं तर त्या चिडल्या असत्या, घाबरल्या नसत्या. कानाला जर एवढा फरक कळतो, तर तो शब्दांत कुठं बसलेला आहे ते बघायला हवं.

'उल्लंघन' आलं लंघ् या संस्कृत धातूपासून. लंघणं म्हणजे उडी घेऊन पलीकडे जाणं. मारुतीनं समुद्र लंघला, तो हाच शब्द. (तापात वैद्य सांगत ते लंघनही याच कुळातलं. जेवणाची वेळ न जेवता ओलांडायची, असं मी आपलं समजून घेतलंय.) म्हणजे उल्लंघनाला एक रेषा लागते, आणि ती ओलांडणारा पाय लागतो. ओलांडून झाल्यावर रेषेचं काय होतं? काहीच होत नाही. मारुती लंकेला गेला म्हणून समुद्र आटला नाही.

आम्हा बेळगावकरांना हे कोशातून शिकायला नको. दसऱ्याला शहरातल्या देवस्थानांच्या पालख्या निघतात, सीमोल्लंघन होतं, आपट्याची पानं लुटली जातात. मराठी घरातला म्हणतो, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." शेजारचा कानडी घरातला म्हणतो, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." शमीची पानं घेऊ आणि बंगारासारखं, म्हणजे सोन्यासारखंच, राहू. दोघंही नुकतेच सीमा ओलांडून आलेले असतात. सीमा आपल्या जागी असते, पुढच्या वर्षी पुन्हा ओलांडता यावी म्हणून. सीमोल्लंघन हा मुहूर्ताचा शब्द आहे. 'सीमाभंग' असा शब्द मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. 1956 पासून ज्या मुलखात सीमा हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे, तिथंही नाही.

'भंग' आला भञ्ज् या धातूपासून. तुटणं, फुटणं. भंगायला आधी काहीतरी अखंड असावं लागतं. मूर्तीचा हात तुटला की ती भंगली, आणि भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. देव्हाऱ्यात ती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, हे महत्त्वाचं. आता आपल्याकडे कशाकशाचा भंग होतो ते आठवा : तपोभंग, व्रतभंग, वचनभंग, निद्राभंग, रसभंग, प्रेमभंग, अपेक्षाभंग, तेजोभंग. यातली एकही गोष्ट रेषा नाही. प्रत्येक गोष्ट कुणीतरी जपलेली, सांभाळलेली, एकसंध ठेवलेली आहे. आणि जे भंगत नाही त्याला आपण नाव दिलं अभंग. 'अनुल्लंघन' नावाचा काव्यप्रकार कुणी काढला नाही.

व्याकरणातही एक खूण सापडते. भंग 'पावतो'. समाधी भंगते, स्वप्न भंगतं, शांतता भंग पावते. करणारा कोण ते सांगितलं नाही तरी वाक्य उभं राहतं. उल्लंघन 'पावलं' असं मराठीत होत नाही. ते कुणीतरी करावंच लागतं. 'उल्लंघन झालं' असं लिहिलं तरी वाचणारा लगेच विचारतो, केलं कुणी? म्हणून मी स्वतःपुरती अशी खूणगाठ बांधली आहे : उल्लंघन म्हणताना आपण ओलांडणाऱ्याच्या पायाकडे बघत असतो, भंग म्हणताना खाली पडलेल्या तुकड्यांकडे.

हे सगळ्यात चांगलं दिसतं ते 'मर्यादा' या शब्दात, कारण मर्यादा दोन्हीकडे चालते. पुणे-बंगळूर महामार्गावर कोणी भरधाव गाडी हाकतो तेव्हा तो वेगमर्यादेचं उल्लंघन करतो. तिथं मर्यादा म्हणजे पाटीवरचा आकडा. घरात वडीलधाऱ्या माणसापुढं कोणी वाटेल ते बोललं की तो मर्यादाभंग. शब्द तोच, पण इथली मर्यादा आकडा नाही, माणसामाणसांत जपलेली गोष्ट आहे. उलट करून बघा. 'वेगमर्यादेचा भंग' चालून जातं, कुणी थांबवणार नाही. पण 'सासऱ्यांपुढं मर्यादेचं उल्लंघन' म्हटलं की सासरे वाहतूक पोलीस वाटायला लागतात.

पाटीवरचा आकडा म्हटल्यावर पुढची गोष्ट येते : उल्लंघन मोजता येतं. एकाच स्कूटरवर आठ उल्लंघनं असू शकतात. आमच्याकडे मोबाईलवर 'संचार नियम उल्लंघने' असा कन्नड निरोप येतो, त्यात तारीख, वेळ, चौक आणि रक्कम असते. 2023 च्या फेब्रुवारीत कर्नाटकात थकलेल्या ई-चलनांवर 50 टक्के सूट दिली, तेव्हा लोकांनी रांगा लावून निम्म्या पैशात जुनी उल्लंघनं मिटवली. हे उल्लंघनातच शक्य आहे. विश्वासभंगावर 50 टक्के सूट कोण देणार?

आमच्याकडची अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी चालू असते. तिथं हे दोन शब्द शेजारीशेजारी सापडतात. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही वेळ रात्री 12 पर्यंत वाढवू शकतं. पोलीस मीटर धरतात, काटा वर गेला की ध्वनिमर्यादेचं उल्लंघन. रात्री साडेअकरा वाजता, सवलतीच्या दिवशी, आवाज आकड्याच्या आत असेल तर उल्लंघन नाही. पण वरच्या मजल्यावर बायपास होऊन आलेले आजोबा त्याच वेळी दचकून उठून बसतात. त्यांचा निद्राभंग झाला तो झाला. रेघ सरकारी आदेशानं दहावरून बारावर सरकते, आजोबांची झोप सरकत नाही. उलटही होतं. माळावर, जिथं चिटपाखरू नाही, तिथं रात्री दोनला स्पीकर लावला तर उल्लंघन पुरेपूर झालं आणि शांतता कुणाची भंगली, तर घुबडाची.

फौजदारी कायद्याच्या मराठीतही 'भंग' अशाच ठिकाणी येतो, जिथं कुणाचं तरी काहीतरी तुटलं आहे. विनयभंग, जुनं कलम 354, आता भारतीय न्याय संहितेत 74. शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान, जुनं 504, आता 352. सोपवलेले पैसे गिळंकृत केले तर फौजदारी न्यासभंग, जुनं 406, आता 316. 1 जुलै 2024 ला आकडे बदलले, भंग तसाच राहिला. करारभंग 1872 च्या करार कायद्यातला. त्याचं कलम 73 विचारतं ते असं की मोडल्यामुळं दुसऱ्याचं नुकसान किती झालं. म्हणजे तिथंही नजर तुकड्यांवर.

जमिनीच्या कागदात तर 'भंग' अंगावर येतो. आमच्या भागातल्या कित्येकांची शेती निम्मी इकडे, निम्मी शिनोळीच्या पुढे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. इकडे आपण उतारा म्हणतो, तिकडे सातबारा. तिकडच्या सातबाऱ्यावर काही जमिनींना 'भोगवटादार वर्ग-2' लिहिलेलं असतं. सरकारनं शर्तीवर दिलेली जमीन, परवानगीशिवाय विकायची नाही. विकली तर त्याला शर्तभंग म्हणतात. नजराणा भरून व्यवहार नियमित करून घ्यायची वाट काही वेळा असते, नाहीतर जमीन सरकारजमा होऊ शकते. ज्या शर्तीवर जमीन तुमची होती ती शर्तच मोडली, मग जमीन कशाच्या आधारावर तुमची? इथं 'शर्तीचं उल्लंघन' म्हटलं तर दंडाची पावती फाडून मोकळं व्हावं इतकं हलकं वाटतं.

मग 'कायदेभंग' का? कायदा म्हणजे रेषाच. तो मोडणाऱ्याला एरवी आपण उल्लंघन करणारा म्हणतो. पण 1930 च्या चळवळीला मराठीनं सविनय कायदेभंग म्हटलं, आणि नेमकं म्हटलं. कर चुकवण्यासाठी रात्री गुपचूप मीठ काढणारा माणूस मिठाच्या कायद्याचं उल्लंघन करतो. कायदा जागेवर राहावा याबद्दल त्याची काहीच तक्रार नसते, कळू नये एवढंच. 6 एप्रिलला दांडीला मूठभर मीठ उचलणाऱ्या गांधींना आणि मे महिन्यात आपल्या घाटाखाली शिरोड्याच्या मिठागरांत उतरलेल्या सत्याग्रह्यांना रेषा ओलांडून पलीकडे जायचं नव्हतं. त्यांना ती रेषाच राहू द्यायची नव्हती. म्हणून दिवसाढवळ्या, सांगून-सवरून, शिक्षा पत्करून. उल्लंघन लपवतात, असा भंग जाहीर करतात. आणि याच गांधींनी 1924 च्या डिसेंबरात आमच्या टिळकवाडीच्या माळावर काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवताना सभासदांना नियम घालून दिला होता : दरमहा 2,000 वार सूत. कायदेभंगाचा माणूस नियमाचा किती पक्का होता, ते त्या सुतात दिसतं.

दोन भाषांच्या मध्ये राहिलं की आणखी एक गोष्ट कळते. प्रत्येक भाषा एकाच घटनेकडे वेगळ्या बाजूनं बघते. हिवाळ्यात सुवर्णसौधात, म्हणजे आमच्या इथल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. आमदाराच्या विशेषाधिकाराला धक्का लागला की मराठी पेपर लिहितो 'हक्कभंग', कन्नड पेपर लिहितो 'हक्कुच्युती'. च्युती म्हणजे ढळणं, घसरणं. मराठीत हक्क फुटतो, कन्नडात जागेवरून सरकतो. आणि एक शब्द असा आहे की तो दिसला की भाषांतर करणाऱ्यानं पेन खाली ठेवावं : 'मानभंग'. मराठीत मानभंग म्हणजे पाणउतारा. लग्नात आहेर परत केला तरी होतो. कन्नडात मानभंग म्हणजे बाईच्या अब्रूवर घातलेला हात, म्हणजे आपला विनयभंग किंवा त्याहून भयंकर. लिहिताना अक्षरं तीच. 'सभेत माझा मानभंग झाला' हे वाक्य जसंच्या तसं कन्नड अर्जात उतरवलं तर ठाणेदार खुर्चीतून उठेल.

कुठला शब्द कोण वापरतो, यावरूनही बोलणारा कुठं उभा आहे ते कळतं. कर्नाटकात दुकानाच्या फलकावर 60 टक्के कन्नड हवं, असा दुरुस्ती कायदा 2024 मध्ये झाला. फलकावर कन्नड कमी असेल तर नोटिशीत शब्द येणार उल्लंघन, कारण नोटीस देणारा रेषेची राखण करतोय. त्याच गल्लीतला मराठी माणूस दुसरीकडे बोट दाखवतो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे 1956 मध्येच ठरलंय. भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमण्याचं 350-ब हे कलमही त्याच वर्षी राज्यघटनेत आलं. मराठी परिपत्रक मिळत नाही तेव्हा तो म्हणतो 'हक्कांचा भंग' नाहीतर 'वचनभंग'. तो उल्लंघन म्हणत नाही, कारण तुटलंय ते त्याच्या घरातलं. ज्याच्या हातात खडू असतो तो उल्लंघन म्हणतो, ज्याच्या हातातलं भांडं फुटलं तो भंग म्हणतो. दोघं खोटं बोलत नसतात. एकमेकांचा शब्द त्यांना ऐकू येत नाही, एवढंच.

अर्थात घरात आपण यातला एकही शब्द वापरत नाही. घरात सगळं 'मोडतं'. नियम मोडला, शब्द मोडला, रांग मोडली, लग्न मोडलं, एफडी मोडली, शंभराची नोटसुद्धा मोडली. आणि सिग्नल 'तोडला', जो खांबावर शाबूत उभा असतो. बोलीला एवढ्यात भागवता येतं, कारण समोरचा चेहरा बघून कळतं किती मोडलंय ते. कागदाला चेहरा नसतो, म्हणून कागदावर दोन शब्द लागतात.

अतिक्रमणाचं वेगळं. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं, त्यामुळं मूळ अर्थ उल्लंघनाच्या जवळचाच : पुढं पाऊल टाकणं. पण आज तो जमिनीला चिकटला आहे. उल्लंघन करणारा रेघ ओलांडून निघून जातो. अतिक्रमण करणारा ओलांडतो आणि तिथंच पत्रा ठोकतो. आमच्याकडच्या सरकारी कन्नडात याला 'ओत्तुवरी' म्हणतात. दाबत दाबत पुढं सरकणं. मला वाटतं, तिन्ही भाषांत एवढा चित्रासारखा शब्द दुसरा नाही.

तर काकूंची नोटीस. कायद्याच्या इंग्रजीत दोन्हीला 'ब्रीच' असा एकच शब्द चालतो, तेव्हा शब्दाच्या जोरावर कुणी खटला जिंकत नाही, हे त्यांना आधीच सांगितलं. पण कायद्याला फरक कळतो, तो वेगळ्या वाटेनं. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा सांगतो की शर्त मोडली एवढ्यानं भाडेपट्टा संपत नाही. शर्त मोडल्यास मालक ताबा परत घेईल असं करारातच लिहिलेलं असावं लागतं, आणि शिवाय लेखी नोटीस. त्यातही 114-अ हे कलम म्हणतं की चूक कोणती ते नोटिशीत स्पष्ट सांगा, आणि सुधारता येण्यासारखी असेल तर सुधारायला सांगून पुरेसा वेळ द्या. पोटभाडेकरू ठेवला तर ही सवलत नाही. काकूंनी पोटभाडेकरू ठेवला नव्हता, स्टँड ठेवला होता. आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी नोटीस वाचली, काकूंकडे बघितलं आणि विचारलं, "स्टँड आत घेतला का?"

"नोटीस आली त्याच दिवशी घेतला की."

"मग झालं."

उत्तराचा मराठी मसुदा मी केला, वकिलांनी तो कन्नडात घातला. त्यात एवढंच होतं की ओट्याबाबतच्या शर्तीचं उल्लंघन झालं होतं, ते दूर केलं आहे, करार चालू आहे, भाडं नेहमीप्रमाणं भरलं जाईल. काकूंनी सही करण्याआधी मला तीनदा वाचायला लावलं आणि 'करार चालू आहे' या शब्दांवर बोट ठेवून बघितलं.

परवा दुकानावरून जाताना हाक आली. पिवळी रेघ पावसानं थोडी उडाली आहे, पण दिसते. स्टँड आत. रेघेच्या बरोबर पलीकडे, ओट्याच्या काठाला, एक जुन्या साडीचं पायपुसणं.

"हे चालतं नव्हं?" काकूंनी विचारलं. "एवढंसं उल्लंघन?"

"रोज उचलून आत नेता का?"

"नाही बा. तिथंच असतं."

"मग ते अतिक्रमण झालं, काकू."